सहाची रिंग

सहाला दोन मिनिटं होती आणि आमोद फोन हातात घेऊन गॅलरीत उभा होता. आज रिंग द्यायची नाही, असं त्याने काल सुरुचीला कबूल केलं होतं. बायकोला दिलेला शब्द मोडायला दोन मिनिटं पुष्कळ होतात. म्हणून त्याने फोन स्टुलावर उपडा ठेवला आणि कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला घेतलं. कुंडीला पाणी आधीच घातलेलं होतं.

ही रिंग मूळची त्याच्या वडिलांची. गोपाळकृष्ण शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि वाघोलीला मुलाकडे यायला त्यांची साफ ना होती. निदान रोज फोन तरी करा, म्हणून आमोद मागे लागला, तेव्हा त्यांनी तोड काढली. रोज सकाळी सहाला एक रिंग वाजेल. वाजली, म्हणजे म्हातारा उठला.

"आणि उचलायचा नाही," त्यांनी बजावलं. "उचललास की बोलत बसावं लागतं. सकाळी सहाला बोलण्यासारखं काय असतं?"

चार वर्षं ती रिंग आली. एकदा वाजायची आणि थांबायची. आमोद कूस बदलून पुन्हा झोपायचा. मग एका सकाळी ती एका रिंगवर थांबली नाही. नऊ वेळा वाजली. त्याने पडल्यापडल्या मोजल्या. बाबांना फोन कापायचा राहिला वाटतं, असं म्हणत स्वतःशी हसला आणि कूस बदलली. साडेआठला शेजारच्या पद्मजाकाकूंचा फोन आला. बाबा कॉटशेजारी जमिनीवर पडलेले होते, फोन हातातच होता. तुम्ही उचलला असता तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.

त्यानंतर आमोदच्या सकाळी मोडल्या. रात्रभर डोळा लागायचा नाही आणि पहाटे लागला की उठायला नऊ वाजायचे. कंपनीची बस चुकायची. दोनदा समज मिळाली, तिसऱ्यांदा नोकरीवरच आलं असतं. कंपनीच्या समुपदेशक बाईंनी सुचवलं, सकाळचं एक काम ठरवा, रोज ठरल्या वेळी करा, बाकीचं मागोमाग येईल. लोक अशा वेळी योगासनं ठरवतात. आमोदने बाबांच्या नंबरवर सहाला एक रिंग द्यायची ठरवली.

नंबर तेव्हा बंद पडलेला होता. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ध्वनिमुद्रित आवाजातली बाई रोज सांगायची आणि तो रोज ऐकून घ्यायचा. पण त्यासाठी उठायचा. मग त्यामागून कोमट पाणी आलं, सूर्यनमस्कार आले, सोसायटीभोवती चार फेऱ्या आल्या, सव्वाआठची बस सापडू लागली. सर, ॲप कुठलं वापरता, असं ऑफिसातली पोरं विचारू लागली. आणि दिवाळीनंतर एका सकाळी त्या बाईऐवजी पलीकडे चक्क रिंग वाजली.

आमोदने ताबडतोब फोन कापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, एका रिंगला कापला. मग रोजच तसं करू लागला. नंबर दुसऱ्या कुणाला तरी दिला गेलाय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं. एक रिंग वाजेल तेवढा वेळ बाबा उठलेले असायचे.

काल सुरुचीने ते पाहिलं. ती चिडली नाही. जवळ बसून हळूच म्हणाली, "तिकडे कुणीतरी झोपलेलं असेल रे. त्याला रोज कशाला छळतोस?"

आमोदला मनापासून लाज वाटली. सगळी सकाळ ज्या खिळ्याला टांगली होती, तो खिळा दुसऱ्याच्याच भिंतीत होता.

सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं झाली. कोमट पाणी घशाखाली उतरेना. फेऱ्या मारायला खाली जावंसं वाटेना. आता परत अंथरुणात शिरायचं, नऊला उठायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याला फार भीती वाटली. तो आत जायला वळला.

तेवढ्यात स्टुलावरचा फोन वाजला. आमोदने तो सुलटा केला. पडद्यावर नाव होतं, बाबा.

एक रिंग झाली. थांबली नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. त्याचा हात पुढे होईना. उचलायचा नाही, हे अंगात मुरलेलं होतं. सहाव्या रिंगला सुरुची दारात आली, तिने नाव वाचलं आणि चौकट धरली. सातवी. आठवी. ही नववीही आपण मोजत बसणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने फोन उचलला. कानाला लावला.

पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा धाप लागलेला आवाज होता.

"मी मुक्ताई बोलते, कात्रजवरनं. तुम्ही कोन हाय, मला ठाव न्हाई. मी एकटी ऱ्हाते. रोज सहाला तुमची रिंग येती, तवा मला वाटतं, म्हातारी उठली का, म्हनून कुनीतरी इचारतंय. आज आली न्हाई, म्हनून मीच लावला." मग तिने विचारलं, "तुम्ही उठलाय न्हवं?"