बसून बघायची दुर्बीण

“यांना कसली दुर्बीण हवीय?” दुकानदाराने माझ्या डोक्यावरून आईला विचारलं. अपघातानंतर व्हीलचेअरवर आल्यापासून माझे प्रश्न सगळे आईलाच विचारतात.

“मलाच विचारा,” मी म्हणाले.

ओशाळून त्याने तिपाईवरची लांबलचक दुर्बीण पुढे केली. “चारशे पट मोठं दिसतं!” मी मान ताणली, तरी डोळा आयपीसपर्यंत पोचेना.

“पट राहू द्या. बसून कशातून दिसेल?”

मग कोपऱ्यातली बुटकी, जाड दुर्बीण आणून त्याने स्टुलावर ठेवली. हिचं आयपीस नळीच्या बाजूला, बरोबर माझ्या डोळ्याच्या उंचीवर होतं. दारातून त्याने ती दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखली.

“टाकी उलटी दिसतेय. पण वरचा कावळासुद्धा दिसतोय!”

“आकाशात उलटं-सुलटं काही नसतं, ताई,” तो माझ्याकडे बघत म्हणाला.

“मला बघू दे,” म्हणत आई गुडघ्यांवर बसली. तिच्यामागून तोही वाकला.

वर्षभर लोक वाकायचे ते मला बघायला. आज पहिल्यांदाच कुणी वाकलं, मी काय बघतेय ते बघायला.