मनोरा नसलेला फोटो

तिकीट खरं होतं. सव्वानऊच्या फेरीचं, पैसे भरलेलं. ऑरेस्तेनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि मग समोर उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं.

"लिव्हिया, हे काय?"

"तिकीट आहे, बाबा. वर जायचंय."

पिसाच्या झुकत्या मनोऱ्याच्या दाराशी तिकिटं तपासण्यात ऑरेस्तेची सव्वीस वर्षं गेली होती. जगभरातली माणसं त्यानं वर सोडली. सोडली नाहीत ती गावातल्या विद्यापीठाची पोरं. पदवी हातात पडायच्या आधी जो मनोरा चढला त्याला पदवी मिळत नाही, हे पिसातलं शेंबडं पोरही सांगेल. मोठमोठी गणितं सोडवणारे विद्यार्थीसुद्धा पाच-पाच वर्षं त्या दारावरून सायकल हाणत जातात, आत पाऊल टाकत नाहीत. एखादा शहाणा बाहेरगावच्या मैत्रिणीवर छाप पाडायला आलाच, तर ऑरेस्ते त्याला बरोब्बर ओळखायचा. "पेपर किती राहिले? दोन? मग बस खाली. ती बघून येईल." तसा त्याला काही अधिकार नव्हता. पण पोरांच्या आया बाजारात थांबवून त्याचे आभार मानायच्या.

लिव्हियाचा एकच पेपर राहिला होता. इमारती का उभ्या राहतात, त्याच्या गणिताचा. दोनदा तिथंच घोडं अडलं होतं. तिसरी खेप येत्या गुरुवारी. तो सुटला की पोरगी इंजिनिअर. ऑरेस्तेच्या घराण्यात शाळेपुढं आजवर कुणी गेलं नव्हतं. पदवीच्या दिवशी तिच्या डोक्यावर घालायच्या पानांच्या मुकुटासाठी त्यानं लाल रिबीन आणून ठेवली होती, बायकोलाही न सांगता, कपाटात मोज्यांखाली.

"गुरुवार होऊ दे," तो हळू आवाजात म्हणाला. "शुक्रवारी मी तुला खांद्यावर बसवून नेतो. हातातोंडाशी आलेल्या घासाला नाट लावू नकोस."

"शुक्रवारी उपयोग नाही. फोटो आज संध्याकाळपर्यंत द्यायचेत."

शहरातल्या ओळखीच्या जागा नव्या नजरेनं दाखवायच्या, अशा कुठल्याशा प्रदर्शनासाठी ती चार महिने कॅमेरा घेऊन हिंडत होती, हे त्याला माहीत होतं. नदीवरचे पूल डबक्यात उलटे टिपून झाले होते. जेवताना ते पाहून त्यानं छान म्हटलं होतं, आणि लगेच पुस्तकं कुठं आहेत म्हणून विचारलं होतं.

"मग खालून काढ की. सगळं जग खालूनच काढतं."

"म्हणूनच. बघ तिकडं."

हिरवळीच्या कडेनं माणसं नेहमीसारखी उभी होती. एक पाय पुढं, दोन्ही हात हवेत. पडता मनोरा आपणच पेललाय असा फोटो सगळ्यांना हवा असतो. पिसाचा माणूस मेला तरी असा उभा राहणार नाही.

"वरून मनोरा दिसणारच नाही, बाबा. नुसती माणसं. एवढी सगळी हात वर करून उभी, आणि हातात काहीच नाही."

ऑरेस्तेला तो फोटो डोळ्यांपुढं दिसला. चांगला होता. त्याचाच त्याला राग आला.

मागची रांग चुळबुळायला लागली.

"आणि गुरुवार?"

लिव्हियानं कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला. "गुरुवारी मी जाणार नाहीये. नावच दिलं नाही."

सहा वर्षं. सहा वर्षं तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोटावर पेपर मोजून दाखवत होता.

"हे तू मला इथं सांगतेस? रांगेत?"

"तुझी सुट्टी सोमवारी असते. सोमवारी गुपचूप चढता आलं असतं मला."

त्यानं तिकीट यंत्राखाली धरलं. हिरवा दिवा लागला.

"पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात," तो म्हणाला. "भिंतीला धरून चढ."

ती आत गेली. पुढची वीस-पंचवीस तिकिटं त्यानं कुणाची पाहिली, त्यालाच ठाऊक नाही. मग खिशातला फोन वाजला.

"बाबा, दोन मिनिटं हिरवळीपाशी ये."

"कामावर आहे मी."

"फोटोत एक माणूस कमी पडतोय."

लोकांच्या पिशव्या ठेवून घेणारा रोमोलो शेजारीच बसला होता. त्यानं मघाचं सगळं ऐकलं होतं. नाहीतरी तो सगळंच ऐकायचा. "जा रे जा," तो म्हणाला. "पोरांना पेपर किती राहिले ते मी विचारतो. तुझ्यापेक्षा कडक विचारतो."

ऑरेस्ते गेला. एवढ्या माणसांत अंगात गणवेश असलेला तो एकटाच.

"कुठं उभा राहू?" त्यानं फोनमध्ये विचारलं.

"मधोमध. पिवळ्या टोपीच्या बाईंच्या शेजारी."

"आणि यांच्यासारखे हात वर करायचे? आधीच सांगतो, मला ते जमायचं नाही."

"नाही बाबा. तू खाली ठेव. सगळ्यांत तुझे एकट्याचे खाली हवेत."

त्यानं फोन ठेवला आणि मान वर केली. मनोरा ज्या अंगाला कलतो, त्याच अंगाच्या कठड्यावरून लिव्हिया वाकली होती, कॅमेरा डोळ्याला लावून. सव्वीस वर्षांत हा मनोरा पडेल असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. आत्ता वाटलं. त्याचे हात आपोआप वर यायला लागले. त्यानं ते खिशात कोंबले, आणि तिचं होईपर्यंत तसाच उभा राहिला.