आयतवारची गोळी

"घेतली गं, घेतली. सकालीच घेतली," असं सुनेला सांगून भीमाबाईनं फोन बंद केला आणि कमरेची पिशवी चाचपली. गोळी तिथंच होती, कागदासकट.

सून कीर्ती सकाळपासून उगाच फोन करत नव्हती. परवा डॉक्टरांनी भीमाबाईच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गोळ्या चालू असून रक्तदाब एवढा चढा कसा, असं त्यांनी दोनदा विचारलं. असाच राहिला तर एक दिवस लकवा मारेल, नाहीतर हृदयावर येईल, हेही सांगितलं. भीमाबाई नुसती गोड हसली. आपण गोळी सोमवार, गुरुवार आणि शनिवारीच घेतो, हे काही तिनं तोंडातून बाहेर पडू दिलं नाही.

आता सांगणार तरी काय? गोळी अंगातलं पाणी काढणारी. घेतली की उठावं लागायचं, आणि बसते न बसते तोच परत. सोमवार-गुरुवार-शनिवारी पनवेलचं निम्मं गिऱ्हाईक मासळीला शिवत नाही, तेव्हा ओटा सोडून गेलं तर चालून जायचं. पण आज आयतवार. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, आणि पाटीत सुरमई, पापलेटं. अशी भरली पाटी टाकून कोण उठणार? म्हणून अशा दिवशी ती गोळी घ्यायची नाही, आणि पाण्याचा घोटही घ्यायची नाही.

"खोटं कशाला बोलतेस गं पोरीशी?"

आवाज गोदूचा. भीमाबाईनं मानही वळवली नाही. दोघींचे ओटे एकमेकींना चिकटून होते, आणि बारा वर्षं दोघींचं भांडणही तसंच चिकटून होतं. भीमाबाईच्या पाटीशी कुणी वाकलं रे वाकलं, की गोदू मोठ्यानं म्हणायची, "कालचा हाय तो, बर्फातला." मग भीमाबाई गोदूच्या कोलंबीच्या सात पिढ्या उद्धरायची.

"तुला काय करायचंय?"

"गोली घे."

"घेतली की उठावं लागतं. पाटी कोन बघंल माजी?"

"मी हाय ना."

"तू हायस म्हनून तर उठत नाय!"

पलीकडच्या बायका फिसकन हसल्या. गोदू मात्र हसली नाही. तिनं हातातला कोयता खाली ठेवला.

"माज्या नवऱ्यानं पन असंच केलं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू असतो हे भीमाबाईला ठाऊकच नव्हतं. "बरं वाटतंय म्हनला, नि गोली सोडली. आता पानी पाजायला पन मी लागते. तो पडला तर त्याला मी हाय. तू पडलीस तर मी भांडू कोनाशी?"

भीमाबाईला वाईट वाटलं. गोदूचा नवरा अंथरुणाला खिळलाय हे सगळ्या बाजाराला माहीत होतं, तिलाही होतं. कसा आहे म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं. तिनं पिशवीतून गोळी काढली. गोदूनं आपली पाण्याची बाटली पुढं सरकवली.

तासा-दीड तासानं गोळीनं आपला गुण दाखवला, तोही नेमका गर्दी ऐन भरात असताना. भीमाबाईनं थोडा वेळ कळ काढली. सुरमईकडं बघितलं, मग गोदूकडं, मग परत सुरमईकडं.

"जा की!" गोदू तिच्याकडं न बघताच ओरडली.

भीमाबाई गेली, पण जिवाला स्वस्थता कुठली? आता ही आपल्या मालाला नावं ठेवणार, गिऱ्हाईक आपल्या कोलंबीकडं ओढणार, आणि आपणच ओटा तिच्या हाती आयता देऊन आलो. परत येताना ती जवळजवळ पळतच आली. ओटा दिसला आणि ती खांबाआड थबकली.

गोदू दोन्ही ओट्यांच्या मधोमध फतकल घालून बसली होती. हातात भीमाबाईची सुरमई. एका चष्मेवाल्या साहेबाच्या नाकासमोर तिनं माशाचे कल्ले वर केले होते.

"कसे लाल हायत बघ. डोला बघ. पहाटेचा माल हाय, दादा. ह्या बाईसारखी मासली अख्ख्या बाजारात नाय. बारा वर्सं शेजारी बसते मी, मला ठाव नाय होय?"

भीमाबाईला पुढं होता आलं असतं. ती झाली नाही. पदर नीट करायचं निमित्त काढून तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बरं वाटलं तिला, फार बरं वाटलं. साहेब सुरमई घेऊन गेले, तेव्हा कुठं ती येऊन ओट्यावर बसली.

गोदूनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाटली परत पुढं केली.

"आलीस पन इतक्यात? पापलेटं हायत ना अजून इकायची. पानी पी, नि परत जा."