खांदेमळणी

पुण्याला रोज जा-ये करणाऱ्यांसाठी रेल्वेला विजेची गाडी घ्यायची होती. दोन कंपन्यांनी आपापली गाडी चाचणीला आणली होती. खंडाळ्याहून लोणावळ्याचा चढ जी भरल्या वजनानं चढेल, तिच्या कंपनीला काम मिळणार होतं. पहिल्या कंपनीनं दस्तगीरला तात्पुरता फिटर म्हणून ठेवलं होतं. काम मिळालं की त्याची नोकरी कायम होणार होती.

त्याचा जिवाभावाचा दोस्त रखमाजी यार्डात गाड्या पुसायचा. परंदवडीचा शेतकरी गडी तो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. चाचणीच्या पहाटे तो घरून तूप-हळदीची वाटी घेऊन आला. "समदं वजन चाकंच पेलत्यात, मंग हिचा खांदा ह्योच," असं पुटपुटत त्यानं दस्तगीरच्या गाडीचं चाकन् चाक मायेनं चोळलं.

सकाळी चाकं जागच्या जागी गरागरा फिरत राहिली आणि गाडी हातभरही पुढं सरकली नाही. दुसऱ्या कंपनीची मात्र सरसर चढून गेली. पहिल्या कंपनीच्या साहेबानं चाकावरून बोट फिरवलं आणि तो कडाडला, "हे कुणी केलं?"

रखमाजीनं रिकामी वाटी पाठीमागं लपवली.

"माझ्या हातनं वंगण सांडलं, साहेब," दस्तगीर पुढं होऊन म्हणाला.

साहेबानं त्याला उभ्या उभ्या काढून टाकलं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघताना दस्तगीरनं घासलेटात भिजवलेलं फडकं रखमाजीच्या हातात कोंबलं.



"नखं पिवळी हायती तुजी. साहेबानं बघायच्या आत पुसून घे."