हौसाची खेळी
वाघबकरीच्या डावात हौसाला मंडणगडात कुणी हरवलं नव्हतं. संसारही ती तसाच चालवी. सासूची पुढली खेळी ओळखे, मगच तोंड उघडे. पण नवरा मुंबईत गिरण्यांच्या संपात, इकडे दिरानं तिच्या बारा वर्षांच्या राहीचं लग्न पन्नाशीच्या बिजवराशी ठरवलं. हौसानं देवीला कौल लावला. तो उलटा पडला. नवऱ्याला धाडलेल्या निरोपाला उत्तर आलं नाही. पाहुणे पडवीत सुपारी फोडायला बसताच ती पुढे झाली. "पोरीला फेफरं येतं. लपवून कशाला फसवू?" पाहुणे पाणीही न पिता उठले. दिराचा हात गालावर बसला, तरी तिला हायसं वाटलं. आतून राही बाहेर आली. "आये, मला खरंच फेफरं येतं?" खरं सांगितलं तर पोर बोलून जाईल, दीर पाहुण्यांना माघारी आणील. हौसानं तिला पोटाशी धरलं. "होय गो बाय, येतं."