साधी विचारपूस

“काका, आता तब्येत कशी आहे?” विमा कंपनीच्या वकिलाने आपुलकीने विचारलं.

“बरा आहे,” रंगारी म्हणाला. “तुम्ही कसे आहात?”

“मीही मजेत,” म्हणत कंपनीचा वकील खाली बसला. न्यायाधीशांनी उत्तर टिपून घेतलं. आणखी काही विचारायची गरजच नव्हती. परांचीवरून पडून पाठ कामातून गेली म्हणून भरपाई मागणारा माणूस भर कोर्टात बरा आहे म्हणाला होता.

रंगाऱ्याच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला नाही, एवढंच. हा प्रश्न त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. जखमी माणसांची बाजू घ्यायला लागण्याआधी त्यांनी उमेदीची वर्षं विमा कंपनीकडेच काढली होती, आणि उलटतपासणीला त्या नेहमी अशीच सुरुवात करायच्या. चांगल्या वळणाचा माणूस चारचौघांत गाऱ्हाणं सांगत नाही. तो बरा आहे म्हणतो आणि आपल्या हातांनी पायावर धोंडा पाडून घेतो. असे कितीतरी दावे त्यांनी नुसत्या गोड बोलण्यावर झोपवले होते.

म्हणूनच त्यांनी रंगाऱ्याकडून आठवडाभर तालीम करून घेतली होती. ऑफिसात तो आणि त्याची बायको समोर बसायचे. बाई विचारायच्या, कसे आहात? तो म्हणायचा, बरा आहे. बाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. गडी काही बधेना. बायको कौतुकाने म्हणायची, “घरीसुद्धा असेच असतात हो. एवढे पडले, पण कधी हूं नाही की चूं नाही.”

ते ऐकलं की बाईंमधली जुनी विमावाली जागी व्हायची. हा माणूस खरंच बरा तर नसेल? अशी शंका आल्याची त्यांना लाज वाटायची, पण शंका काही जायची नाही.

आता फेरतपासणीची पाळी त्यांची होती. दावा गेला की पाठीचं ऑपरेशन गेलं, आणि ऑपरेशन गेलं की रंगाऱ्याचं अंथरूण कायमचं, हे डॉक्टरांनी नवराबायको दोघांनाही स्पष्ट सांगितलं होतं. बाई उठल्या. तयार करून आणलेले प्रश्न त्यांनी टेबलावरच ठेवले.

“विचारपूस झाली,” त्या म्हणाल्या. “आता शपथेवर सांगा. दुखतं का?”

पिंजऱ्याचा कठडा धरून रंगारी पहिल्या बाकाकडे बघत राहिला. तिथे त्याची बायको बसली होती. त्याला धीर यावा म्हणून ती हसून मान हलवत होती. तोही तिच्याकडे बघून हसला. मग तो न्यायाधीशांकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

“साहेब, हिला जरा बाहेर बसायला सांगा. मग सांगतो.”