नणंदेच्या स्थळाची पारख

किरणकुमारला चैत्रानं मुद्दाम अर्धा तास ताटकळत ठेवलं. नजरबाद भागातल्या एका हॉटेलात ती सासूला घेऊन मागच्या टेबलाशी बसली होती.

"व्यसनी माणसाला दम धरवत नाही, आत्याबाई. पाय हलवेल, वेटरवर खेकसेल. बघत राहा."

गोदावरीबाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. पोरगा आपला शांत.

चैत्रा व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक. माणसाचा स्वभाव चाचपण्यात तिचा हातखंडा. म्हणून तर पावनीसाठी, आपल्या लेकीसाठी आलेलं स्थळ पारखायला गोदावरीबाई तिच्या दारी आल्या होत्या. कुठल्या तोंडानं आल्या, देव जाणे! आपल्या लेकाची, भुवनची, दारू लपवून याच बाईनं त्याला चैत्राच्या गळ्यात बांधला होता. लग्नाआधी चैत्रानं पावनीला एकटं गाठून विचारलंही होतं. त्या भवानीनं चामुंडीची शपथ घेऊन सांगितलं, "दादा सुपारीसुद्धा खात नाही." मग चैत्रानं वर्षानुवर्षं मार खाल्ला. दारूनं भुवन गेला, तेव्हा पांढऱ्या पायाची म्हणून बोलही तिलाच लागला.

"माझ्यावर राग असेल गं तुझा," गोदावरीबाई पुटपुटल्या. "पण पावनीचं वाटोळं नको व्हायला. तू म्हणशील तसं."

"राग कसला, आत्याबाई," म्हणत चैत्रा उठली आणि किरणकुमारच्या समोर जाऊन बसली. मागं सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिनं विचारलं, "दोन नोकऱ्या सोडल्या म्हणे. कुठं टिकत नाही वाटतं तुम्ही?"

"पहिली सोडली ती चूक माझीच होती, अक्का."

"आमच्या पावनीला सुखात ठेवाल?"

"प्रयत्न करीन. आत्ताच मोठं बोलत नाही."

बाहेर आल्यावर चैत्रानं सासूला समजावलं, "दारुडा कधी स्वतःची चूक कबूल करत नाही. खापर फोडायला त्याला सदा दुसरा लागतो. आणि वचनं तर काय, चंद्र आणून देतो म्हणेल. आपला भुवन आठवा."

"हौदा? हो का?" गोदावरीबाईंच्या तोंडून कन्नडच निघालं. "म्हणजे हा खरंच चांगला, अल्वा? होय ना?"

"साखरपुडा उरकून घ्या."

म्हातारीला रडू फुटलं. रस्त्यातच तिनं चैत्राचे हात धरले. "देवी आहेस गं तू! माझं एवढं पाप पोटात घातलंस."

चैत्रानं तिला हळूच ऑटोत बसवलं, पदर आत सारला, ड्रायव्हरला सावकाश न्यायला सांगितलं. ऑटो कोपऱ्यावरून वळल्यावर तिनं फोन लावला.

"शाब्बास, किरण! केंद्रातल्या तालमीत पाच मिनिटं बसवत नव्हतं तुला. आता अक्षता पडेपर्यंत बाटलीला हात लावू नकोस. पुढं तुझी मर्जी."